माफ असलेली चूक

२ मार्च, सकाळ
घरच्या काट्यावर वजन १०६. काटा चुकीचा आहे. हे मी वजनमापे निरीक्षक म्हणून लिहितोय, भरल्या पोटाचा माणूस म्हणून नाही. बाजारातले निम्मे काटे माझ्या शिक्क्यावर चालतात. काटा खोटं बोलायला लागला की मला लांबून कळतं.

प्रकरण असं आहे. सतरा एप्रिलला खडी कारखान्याचा ट्रक मोजायचा मोठा काटा तपासायचा आहे. त्याच्याखाली खड्डा, आणि खड्ड्यात उतरायला काट्याच्या पत्र्यातच एक झाकण. मागच्या वर्षी उतरताना शर्टाची दोन बटणं गेली. साहेबांनी ते बरोबर लक्षात ठेवलं. काल म्हणाले, यंदा उतरता आलं तर फिरती तुमची, नाहीतर तुम्ही काउंटरवर आणि फिरती नव्या बाईंकडे. नव्या बाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या निरीक्षक. अंगाने छडी. मी जन्मभर फिरलोय. काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या म्हणजे जिवंतपणी भिंतीवर फोटो लावून घेण्यासारखं आहे.
बघतोच.

३ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. काडीपैलवान. म्हणाले, रोज अठराशे कॅलरी खा, तीन वेळा पोटभर जेवा, महिन्याला दोन-तीन किलो उतरेल, घाई करू नका. अठराशे! हा माणूस मला आताच रिटायर करायला निघालाय. साधा हिशोब आहे. अठराशेने तीन किलो जात असतील तर नऊशेने सहा जायला हवेत. डॉक्टरी शिकले, गणित राहून गेलं.
घरी जाहीर केलं, उद्यापासून नऊशे. ही म्हणाली, "दुपारी चारपर्यंत टिकलात तरी मिळवली."
नवऱ्यावर विश्वास म्हणून नाही.

५ मार्च
सकाळी अर्धं सफरचंद. दुपारी एक अंडं आणि काकडी. चारपर्यंत टिकलो. ही तोंडघशी पडली.
चारनंतर बेकरीचा काटा तपासायचा होता. आपली वजनं झाल्यावर दुकानातला माल ठेवूनही एकदा बघावं लागतं. बनपाव ठेवले. चार. हात लागलेला माल परत कसा ठेवायचा? पैसे मोजून घेतले, निरीक्षकाने फुकट काही घेऊ नये हे माझं तत्त्व आहे. रस्त्यात संपवले. हे खाणं धरलेलं नाही, कारण ते कामकाजात मोडतं.

९ मार्च
आज पद्धत बसवली. जगात कुठलाही काटा तंतोतंत नसतो म्हणून कायद्याने थोडी चूक माफ असते. मग कॅलरीला का नको? पाकिटावरचे आकडेसुद्धा अंदाजपंचेच असणार. दर पदार्थामागे दहा टक्के माफ. उभ्याने खाल्लेलं निम्मं. हिच्या ताटातलं हिच्या खात्यावर.
वजनाचंही तेच. तेल मोजताना रिकाम्या डब्याचा धडा करून डब्याचं वजन वजा करतात. माझा धडा: कपडे, चष्मा, घड्याळ, किल्ल्या. चार किलो. म्हणजे मी मुळात १०२. आठवड्यात चार किलो!
दुपारी एका किराणा दुकानदाराचा काटा सील केला. किलोमागे वीस ग्रॅम खात होता. दुकानदार म्हणाला, हवा दमट आहे साहेब, काटा मुळात चांगलाय. त्याला सुनावलं, सबबी माणसाला असतात, काट्याला नसतात. बाजूची गिऱ्हाइकं खूश झाली.

१४ मार्च
घरच्या काट्याचा निकाल लावायचं ठरवलं. ऑफिसातली वीस किलोची पाच प्रमाणित वजनं स्वतः दोन जिने चढवून घरी आणली. पाच फेऱ्या. त्या चढण्यातच चारशे कॅलरी गेल्या असतील, म्हणून आधी लोणी-पाव.
पाचही वजनं काट्यावर रचली. शंभर. ना कमी ना जास्त. ही कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "मारा आता शिक्का."
निष्कर्ष: काटा लोखंडाला बरोबर आहे, माणसाला चुकतो. लोखंड श्वास घेत नाही.
वजनं खाली नेताना पाठीत काहीतरी कट् झालं.

१६ मार्च
सक्तीची विश्रांती. आजारी माणसाला ताकद लागते हे शेंबडं पोरही सांगेल. नऊशे तूर्त स्थगित. मेहुणी केक घेऊन बघायला आली. पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो.
घरचा काटा पलंगाखाली ढकलून दिलाय. पाठीमुळे वाकता येत नाही, त्यामुळे तो तिथेच राहील.

२८ मार्च
विजय. नव्या बाईंबरोबर खडी कारखान्यात कागदपत्रं बघायला गेलो होतो. मोठा काटा रिकामा होता. सहज वर चढलो. बाहेरच्या मोठ्या पाटीवर लाल आकडा आला: १००. या काट्यावर माझ्याच हातचा शिक्का आहे. यापुढे मी हाच एक काटा मानणार.
बाई म्हणाल्या, "सर, हा वीस-वीस किलोच्या टप्प्याने दाखवतो. एकशेनऊ असलात तरी शंभरच दिसेल." हे मला माहीत नाही? मी हे काटे तपासत होतो तेव्हा या शाळेत पट्टीने रेघा मारत असतील.
झाकणातून उतरून बघा म्हणाल्या. किल्ली नव्हती. म्हणजे मी मागितली नाही.
येताना पेस्ट्री. एकच. आणि दुसरी, बाईंनी त्यांची नको म्हटली म्हणून.

६ एप्रिल
जावयाने मनगटाला बांधायचा पट्टा पाठवलाय. किती चाललो आणि किती कॅलरी जाळल्या ते सांगतो. जाळल्या तितक्या परत खायचा हक्क मिळतो, हे उघड आहे. आज ही केक करत होती. म्हटलं, आण, मी फेटतो. अर्धा तास फेटलं. पट्ट्याच्या मते मी गावाबाहेर जाऊन आलो. हक्काचा केक खाल्ला.

१३ एप्रिल
पँटचं वरचं बटण लागत नाही. हल्ली कापड आटतं.
रात्रीच्या जेवणाला ही म्हणाली, "बसा की काउंटरवर. वेळेवर घरचा डबा तरी खाल. मला घोर लागतो हो तुमचा." मी भडकलो. ताटावरून उठलो, ताट संपल्यावर.
खरं सांगायचं तर भीती वाटते. काउंटरची नाही. बाजारातून चाललो की दुकानदार काटे पुसायला लागतात, ते बंद होईल, त्याची.
तीन दिवस फक्त सूप. ठरलं.

१४ एप्रिल
सूप. त्यात बुडवायला पाव.

१७ एप्रिल, संध्याकाळ
झालं ते लिहून टाकतो.
झाकण उघडलं. हेल्मेट आणि हत्यारांची पिशवी बाजूला जमिनीवर ठेवली. पाय गेले, गुडघे गेले, मांड्या गेल्या. पोट गेलं नाही. खालची शिडी पायांखालून सुटली आणि मी पत्र्यात बुचासारखा बसलो, पाय हवेत. बाईंनी बगलेत हात घालून ओढलं. हललो नाही. मग त्या केबिनमधल्या माणसाला आणायला धावल्या.
तो यायला वेळ लागला. काट्यावर चिखल साचून राहतो म्हणून रिकाम्या काट्यावर आकडा दिसला की शून्याचं बटण दाबायची त्याला सवय. ट्रक नाही आणि आकडा आहे म्हटल्यावर, बाई पोचायच्या आधीच, त्याने मला चिखल समजून बटण दाबलं होतं. दोघांनी मिळून मला उपसून काढलं. मी पत्र्यावरून खाली उतरलो.
पाटीवर लाल आकडा आला: उणे १२०.
रस्त्यावर ट्रकची रांग होती. एकही ड्रायव्हर हसला नाही, हे जास्त लागलं. पुढच्याने केबिनबाहेर डोकं काढून अगदी कामाचं विचारलं, "साहेब, हे आमच्या भरतीतून वजा होणार का?"
शंभर यायला पाहिजे होतं. एकशेदहाच्या पुढे गेल्याशिवाय हा काटा एकशेवीस दाखवत नाही. मी बाईंना म्हणालो, आज हवा दमट आहे.
त्यांनी केबिनमधल्या माणसाकडून शून्य नीट करून घेतलं, पिशवी उचलली आणि सरळ खाली उतरल्या. मला तेव्हा तो किराणा दुकानदार आठवला. लाज वाटली.

१८ एप्रिल
काउंटर. खुर्चीला हात आहेत. बसलो, अंग चोरून.
बाईंनी अहवाल सहीला आणला. कालचा प्रकार त्यात नव्हता. फक्त शेवटची ओळ: काटा अचूक. खोट्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. हा खरा होता. केली.
मग डॉक्टरांना फोन केला. आकडा विसरलो म्हणालो. ते म्हणाले, अठराशे, तीन वेळा, घाई नाही.
त्यात चूक किती माफ आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.
हिने डबा दिलाय. जेवायच्या सुट्टीला अजून एक तास आहे.