नऊ नंबरची ऊब

१ डिसेंबर, गुरुवार

पोचलो. गेम पार्लर वाटलं होतं त्याहून मोठं आहे आणि वरची खोली तर फारच चांगली. दोन खाटा, पूर्वेला खिडकी, नळाला पाणी. दोन वर्षं ही आणि मुलगी मेव्हण्याकडे राहताहेत. त्याच्या बायकोच्या कपाळावरच्या आठ्या आता मला फोनवरूनही ऐकू येतात. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, अकराला, दोघी इथे येणार. ही म्हणाली, आजवर कुठेच उजेड पाडला नाहीत, निदान दिव्यांच्या कामात तरी पाडा. मागे भुंग्याची गुणगुण चालू होती. मुलीचं नाव वेगळं आहे, पण घरात ती भुंगाच. झोपेतही गुणगुणते.

नऊ मशिनं एका भिंतीला रांगेत उभी आहेत. काचेखाली पोलादी गोळी धावते, आपटेल तिथला दिवा लागतो, तसली जुनी. एक नंबर आतल्या कोपऱ्यात, नऊ नंबर जिन्याच्या पायाशी. रोज सकाळी एक उघडायचं, जुने बल्ब काढायचे, एलईडी बसवायचे. ते झालं की देखभालीची कायमची नोकरी, आणि ही खोली.

मालकीणबाई हौशी आहेत. बल्बांच्या उष्णतेने काचेवरची चित्रं करपली, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

२ डिसेंबर, शुक्रवार

एक नंबर झालं. त्यातला एकही बल्ब जिवंत नव्हता. बाई म्हणाल्या, त्यांना आठवतं तेव्हापासून ते अंधारंच आहे. बाकीची आठ मात्र वडिलांनी कधी बंद करू दिली नाहीत. पार्लरला कुलूप असलं तरी आत दिवे जळत. त्यात मला नवल वाटलं नाही. जुनी मशिनं बंद-चालू केली की बिघडतात, कुठलाही मिस्त्री हेच सांगेल.

काढलेले बल्ब बादलीत टाकून फोडले. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, त्या उस्तादांची ही पद्धत. काढलेला बल्ब ठेवायचा नाही. ठेवला की कधीतरी घाईत परत होल्डरमध्ये जातो. बाई कौतुकाने बघत होत्या.

४ डिसेंबर, रविवार

काल एक नंबरच्या काचेवर आतून वाफ धरली होती, वाटीएवढी. काच उचलून पुसली. आज एक नंबर स्वच्छ आहे आणि तेवढीच वाफ दोन नंबरवर. लाकूड जुनं, हवा थंड. असेल.

तीन नंबर संपवलं. जुने बल्ब काढताना बोटं भाजतात. एलईडी तासभर जळले तरी गारच. मान धरली आहे. जिना चढताना दम लागला. चाळिशी उलटली, दुसरं काय.

६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी वाफ चार नंबरवर होती. पाच नंबर पूर्ण केलं आणि दुपारी ती पाचवर आली. जे मशीन शेवटी केलं असेल, त्यावर. तिथे ती वाढते, विरते, पुन्हा वाढते. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. मग स्वतःचा श्वास मोजला, तर तोही चौदा.

बाईंना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, मशीनला सर्दी झाली असेल, वाफारा द्या. नंतर आपणहूनच म्हणाल्या, वडील शेवटी शेवटी ते एक नंबर दुरुस्त करत कोपऱ्यात बसायचे. तेव्हापासून त्यांना दम लागायचा. डॉक्टरांना फुप्फुसात काहीच सापडलं नाही. एका दुपारी बसल्या जागीच गेले.

७ डिसेंबर, बुधवार

सहा नंबर. वाफ सहावर. आता बशीएवढी.

दोनदा टेकावं लागलं.

९ डिसेंबर, शुक्रवार

काल सात झालं, आज आठ. हात आपोआप चालतात, डोकं मागून येतं. ते आज आलं.

गरम पाण्याची पिशवी आठ नंबरच्या काचेवर ठेवली. वाफ सातवर गेली. पिशवी सातवर ठेवली. ती सहावर गेली. पिशवी निवली, तशी पुन्हा आठवर.

गरम काचेत ते येत नाही. बाकीच्या आठांच्या उबेमुळे ते एवढी वर्षं कोपऱ्यातल्या थंड एक नंबरात अडकून होतं. म्हातारबुवांना हे कळलं असणार. कोपऱ्यापासून जिन्यापर्यंत थंड वाट मी करून दिली, एकेक मशीन करत.

बादली उपसली. नुसता चुरा. दुकानदार म्हणाला, हे बल्ब आता कुणी बनवत नाही.

हिला फोन केला, चार दिवस थांबा म्हटलं. ती म्हणाली, वहिनींनी आमच्या बॅगा भरून दारात ठेवल्यात. मग म्हटलं, या.

नऊ नंबर राहिलंय. त्यातले सगळे बल्ब शाबूत आहेत. जिन्यापाशी तेवढी ऊब पुरेल. बाईंना म्हटलं, नऊला हात लावायचा नाही. का, म्हणाल्या. खरं सांगायची लाज वाटली. थकलोय म्हटलं, सोमवारी करतो.

१० डिसेंबर, शनिवार

नऊ नंबरला पाठ टेकून बसलो. ऊब लागते.

आठवरची वाफ ताटाएवढी. काचेत मावत नाही.

११ डिसेंबर, रविवार

सकाळी स्टँडवर गेलो. गाडी दीड तास उशिरा. भुंगा वाटभर गुणगुणत माझ्या पाठीवर.

दारातूनच दिसलं. नऊ नंबर पांढरंशुभ्र लखलखत होतं. बाई हात पुसत पुढे आल्या. म्हणाल्या, तुम्ही इतके दमलात, घरची माणसं यायची, म्हटलं एवढं तरी आपण करावं. तुमचं बघूनच शिकले. मी विचारलं, काढलेले बल्ब? म्हणाल्या, तुमच्याच पद्धतीने. बादली दाखवली.

नऊवर वाफ नाही. आठवर नाही. एकाही काचेवर नाही.

दुपार

ही खाली बाईंजवळ आहे. जिना चढताना भुंगा मध्येच थांबली. बाबा, दम लागला, म्हणाली. आता झोपली आहे.

खिडकीच्या काचेवर वाफ. बाहेर ऊन असताना—

पिशवी लावली. वाफ खिडकीवरून गेली. खिडकीवरून—

भुंगा गुणगुणत नाही. झोपेतही गुणगुणते ती. हलवतोय. उठत नाही. हिला हाक मारली, दमच पुरला नाही. लिहीत राहिलो की डोकं ठिकाणावर राहतं—

चष्मा काढून तिच्या नाकाशी धरला आहे. काच स्वच्छ. अजून स्वच्छ—

आली. वाफ आली. मी श्वास रोखून धरलाय, माझी नाही ही. एक. दोन. वाढते आहे, तीन—

पण ही तिच्या बाजूने नाही. काचेच्या माझ्या बाजूने, मी तर श्वास—