ठमीचं पाळणाघर

ता. ३ जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू जात नाही म्हणून लिहितोय. मी बरा आहे. शीतगोदामात खोकी रचताना बोटं बधिर होतात. ही जागाही सोडावी म्हणतोय. तुम्ही म्हणाल, भिंगरी पुन्हा फिरली. ते जाऊ द्या.

ठमीला तिच्या आईनं नगरपालिकेच्या पाळणाघरात घातली म्हणे. सव्वादोन वर्षांची पोर, घरात तुमच्यासारखा धडधाकट आजोबा, आणि ती परक्यांच्या हाती का? मी सुनावलं तिला. इस्पितळाची धुलाई सोड आणि घरी बस म्हणालो. तिनं फोनच ठेवला. आता तुम्हीच चार शब्द सांगा आणि पोरीला घरी आणा.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमचा फिरता मुलगा


ता. ११ जून

चि. भिंगरीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर अजून कोंबडीचे पाय, राग मात्र सुवाच्य आहे.

सूनबाईवर उगाच तोंड टाकलंस. ठमीचं नाव मी घातलं. का, ते तिलाही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात ठमीला घेऊन माझ्या जुन्या कारखान्यात गेलो. लेथचा आवाज ऐकत उभा राहिलो, पट्टा सैल झालाय हे मिस्त्रीला दाखवलं आणि घरी आलो. दूध कोमट केलं, वाटीत ओतलं, ठमीला हाक मारली. तेव्हा कळलं, मी एकटाच आलोय.

धावत गेलो. ती चालू मशीनपाशी बसून लोखंडाच्या किसाची वेटोळी बांगडीसारखी मनगटात घालत होती. एक ओरखडा, बाकी काही नाही. मिस्त्रीला वाटलं, मी बाहेर विडी ओढतोय. विसरणं हे पहिलं नव्हे. पोर विसरणं पहिलं.

पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं, घरी सांभाळायला कोणी नाही का. मी नाही म्हणालो.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.

तुझा बाप


ता. २० जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एरवी एकदा वाचायलाच माझी अर्धी सुट्टी जाते.

ठमीच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, ओरखडा तिला त्याच दिवशी दिसला होता. मिस्त्रीकडून सगळं काढूनही घेतलं. त्यानंतर पाठ धरली म्हणून ती कामावर न जाता घरी राहिली होती ना, ते ढोंग होतं. तुम्ही स्वतःहून पाळणाघराचं नाव काढलंत, त्या दिवशी तिची पाठ बरी झाली.

ठमीचं ठीक झालं. पण आता दिवसभर तुम्ही एकटे. शेगडी चालू राहिली तर? काल खोकी चुकीच्या रांगेत रचली, मुकादमाची बोलणी खाल्ली. तुम्ही फक्त ये म्हणा, सगळं सोडून येतो.

माया राहू द्या.

तुमचा मुलगा


ता. २९ जून

चि. भिंगरीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

येऊ नकोस. सूनबाईशी बोललो. रडलं कोणी नाही, भांडी तेवढी तिनं जोरात घासली.

पाळणाघरात खुर्च्या गुडघ्याएवढ्या आणि सगळ्या खिळखिळ्या. ठमीला सोडायला सूनबाई आणि मी गेलो तेव्हा एकीचे स्क्रू आवळले, तर बाई म्हणाल्या उरलेल्याही बघा. आठवडाभर रोज गेलो. सकाळी फळवाली येते, रात्रपाळी करून नर्स येते, मूल आत सोडून सगळ्या पळत सुटतात. त्यांच्यात घरी म्हातारा आहे अशा दोघीच. दुपारी मुलं झोपली की मीही भिंतीला टेकतो. ठमी ओळख देत नाही, तिला मैत्रिणी झाल्यात.

काल खुर्च्या संपल्या. हत्यारं गुंडाळून दुपारीच निघालो, तर बाईंनी दाराला कडी घातली. म्हणाल्या, न्यायला माणूस आल्याशिवाय इथून कोणाला सोडत नाही. मला वाटलं थट्टा. संध्याकाळी सूनबाई आली. मूल नेताना वहीत सही करावी लागते. ठमीच्या नावाखाली बाईंनी माझं लिहिलं होतं. सूनबाईनं दोन्हीकडे सही केली, आणि मी चपला घातल्या.

सुखात राहा.

तुझा बाप