तुमच्यासारखी झडप असलेली मेंढी

आरहूस, मंगळवार, ४ मार्च २०१४, सकाळी सव्वासहा

प्रिय बाबा,

प्रयोगशाळेतल्या मेंढ्यांना गवत घालून आत्ताच बसलो आहे. काल आईचा फोन आला. तुमच्या हृदयातली नवी झडप नीट बसली हे ऐकून फार हायसं वाटलं. शुद्धीवर येताच तुम्ही आईला म्हणालात म्हणे, "त्या मेंढ्यांच्या नोकराला विचार, त्याची लाडकी अजून खाते ना?"

तुमच्यासारखीच झडप बसवलेली ती मेंढी चांगली खाते, एवढं ऐकूनच तुम्ही ऑपरेशनला तयार झालात. तेव्हा ती खरंच खात होती. पण झडप आतून तपासायची तर मेंढी मारावी लागते. गुरुवारी ती मारली. भूल चढेपर्यंत सांभाळणाऱ्यानेच तिला धरायचं, अशी इथली पद्धत आहे. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती घाबरली नाही, मी घाबरलो.

झडप अगदी स्वच्छ निघाली. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "एस्बेन, हे आधी बाबांना कळव." म्हणून कळवतो आहे. तिच्या रिकाम्या जागेकडे मात्र अजून बघवत नाही.

जखम फार दुखते का? कोकरं जन्मायच्या या दिवसांत आईच्या मदतीला कोण येतं? तुम्ही जन्मभर मेंढ्या कापायला विकल्यात, म्हणून एका मेंढीसाठी हळहळणाऱ्या मला हसाल. खुशाल हसा, पण जखमेवर ताण येऊ नये म्हणून हसताना उशी छातीशी घट्ट धरा.

तुमच्या काळजीत असलेला,
एस्बेन