पियानो शिकवणारी गुस्ता

प्रिय कालिना,

हा चौथा कागद. आधीचे तीन शेगडीत गेले. फोन केला तर तू मधेच "आई, एवढं काय त्यात!" म्हणशील आणि मी गप्प बसेन, कारण मला तेच ऐकायचं आहे. म्हणून पत्र. दुपारपासून घरात नुसती येरझारा घालतेय. बटाट्याचं सारण भरून पिएरोगी उकळायला टाकले, निम्मे पाण्यातच फुटले. तुझ्या बाबांनी तो लगदा निमूटपणे चमच्याने खाल्ला आणि बागेत जाऊन बसले. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलंय, पण विचारतील ते बाबा कसले!

गुरुवारी क्राकूवच्या बसमधली तीस माणसं माझ्याकडे होती. सकाळी येऊन संध्याकाळी परत, नेहमीची सहल. "जेवण किती वाजता?" असं नाझींच्या छावणीच्या दारातच विचारणारे एक गृहस्थही होते. पूर्वी मला अशांचा राग यायचा, आता येत नाही. सगळ्यांच्या कानात यंत्र, माझ्या तोंडाशी माइक. हळू बोललं तरी प्रत्येकाला वाटतं, ही आपल्या एकट्याच्याच कानात सांगतेय. सगळ्यात मागे एक म्हातारी काठी टेकत चालली होती.

सुटकेसींच्या खोलीत आलो. काचेमागे तो ढीग, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव आणि जन्मसाल. परत मिळेल या आशेने मालकांनी स्वतःच घातलेलं. आपल्या गाइडांतल्या प्रत्येकाची सांगायची एक सुटकेस ठरलेली असते, तशी माझी गुस्ता वाइनरेबची, १९१२ची. नेहमीसारखंच सांगितलं. गुस्ता लहान मुलांना पियानो शिकवायची. घरून नेलं तेव्हा तिने झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. "येतेच मी आठवड्याभरात," म्हणाली. किल्लीपाशी आलं की भलेभले रुमाल काढतात. जेवणवाल्या गृहस्थांनीही काढला.

बाहेर आल्यावर त्या म्हातारीने माझं मनगट धरलं. बोलली आपल्याच पोलिश भाषेत, जुन्या वळणाच्या, अडखळत. "पोरी, गुस्ता माझी आई." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती बोलतच राहिली, "तीन वर्षांची होते, एका शेतकरणीच्या पदरात टाकलं मला. आईचा चेहरा आठवत नाही, फोटो नाही. ती काय करायची हे सांगायला कुणी उरलंच नाही. आणि तू म्हणतेस, पियानो!" मग हसायलाच लागली. "तरीच माझी बोटं टेबलावर नाचतात! नवरा जन्मभर ओरडायचा, अगं बाई, थांबव ती टकटक!"

नेहामा तिचं नाव, हायफाला असते. नातीने सुटकेसीचा फोटो शोधून दिला, तेव्हा कुणालाही न सांगता साध्या सहलीचं तिकीट काढून आली. आपल्या आईबद्दल लोक काय बोलतात, ते तिला गुपचूप ऐकायचं होतं. बसमध्ये चढताना तिने विचारलं, "त्या शेजारणीचं नाव मिळेल का गं?" मी म्हटलं, "बघते." बघते! तुझ्या आईने असं म्हटलं, कालिना.

शेजारीण नव्हतीच. पियानोही नव्हता. गुस्ताबद्दल आपल्याकडे सुटकेसीवर आहे तेवढंच आहे. अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या पोरांचा एक गट तिथे खिदळत होता. माझं डोकं फिरलं आणि तोंडातून निघून गेलं, "ही पियानो शिकवायची." पोरं चिडीचूप. पुढच्या आठवड्यात झाकण आलं, पुढच्या वर्षी किल्ली. बिचारीला कुणीतरी ओळखतंय, एवढंच वाटायचं मला, आणि खोटं कशाला बोलू, लोक रडले की बरंही वाटायचं. इथे काही घडलंच नाही म्हणणारे टपून बसलेत, आणि एक तारीख चुकली म्हणून तुला फैलावर घेणारी मी असा उद्योग करत होते. लाज वाटते गं.

हे पत्र आत्ता ड्रायव्हर लेशेकच्या हाती देतेय, कारण सोमवारी तुझा पहिला गट आहे आणि ईस्टरला दिलेली माझी टिपणांची वही तू तोंडपाठ केली आहेस. गुस्ता तर तू माझ्याहून छान सांगतेस. ते पान फाड. तिचं नाव वाच, साल वाच आणि पुढे चाल, लोक रडोत न रडोत. नेहामाबाईंचं विमान उद्या संध्याकाळी आहे. मी सकाळच्या पहिल्या बसने त्यांच्या हॉटेलवर जाणार. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला दोन दिवसांपूर्वी आई मिळाली आहे, आणि तिच्यासमोर बसून मला म्हणायचंय, बाई, तुमच्या आईबद्दल मला काहीही माहीत नाही.

तुझीच,
आई