नववी ‘ब’ला गणिताची गोडी

३ जुलै
शाळेत गणिताला नव्या बाई आल्या. नववी ‘अ’ त्यांना, ‘ब’ मला. वय जेमतेम पंचवीस. फार हसतात. अनुभव नसला की असं होतं.

५ जुलै
मुख्याध्यापिकांची नोटीस : सहामाहीपर्यंत मुलांमध्ये गणिताची आवड निर्माण झाली पाहिजे.
माझ्या वर्गात ती आहेच. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी आहे.

१० जुलै
तरीही संकल्प : उद्यापासून वर्गात हसतमुख राहायचं. आरशासमोर प्रॅक्टिस केली. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का?

११ जुलै
हसलो. पहिल्या बाकावरची मुलगी रडू लागली. मागच्या चाचणीचे पेपर माझ्या हातात होते, त्यामुळे तिचा गैरसमज झाला असावा. हसणं बंद. विषय मुळातच गंभीर आहे.

१८ जुलै
‘अ’ची मुलं मैदानावर. सावली मोजून पाण्याच्या टाकीची उंची काढतायत म्हणे. केवढा गोंगाट! ‘ब’च्या सगळ्या माना खिडकीकडे. खिडकी लावून घेतली, प्रमेय पाच वेळा लिहायला दिलं.

संध्याकाळी
आमची कन्या ‘अ’मध्ये आहे. घरी आल्यापासून टॉर्च आणि पट्टी घेऊन कपाटाची उंची काढत बसली. जेवायलाही येईना. बायकोला म्हटलं, शेवटी रक्तातच आहे. ती म्हणाली, मग नववीपर्यंत कुठे दडून बसलं होतं? स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

२ ऑगस्ट
‘ब’मधल्या नऊ मुलांनी तुकडी बदलून मागितली. कारण : ‘अ’च्या वर्गात वारा छान येतो. एवढंच ना! मागे लागून नवा पंखा बसवून घेतला.

४ ऑगस्ट
पंखा उत्तम चालतो. अर्ज आता चौदा झाले.

१० ऑगस्ट
सिनिअर म्हणून बाईंच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. चुका टिपायला.
त्यांनी फळ्यावर बीजगणित मांडलं आणि एक बरोबर दोन सिद्ध करून दाखवलं. म्हणाल्या, “मी कुठे घोळ घातलाय, शोधा.” मुलं तुटून पडली. माझाही हात कधी वर गेला कळलं नाही. कन्या वळून कुजबुजली, “बाबा, सांगू नका ना! आम्ही शोधतोय.”
शून्याने भागलं होतं. एका मुलाला सापडलं तेव्हा अख्खा वर्ग ओरडला. मीही, थोडासा.
टिपायचं राहून गेलं.

११ ऑगस्ट
युक्ती अगदीच सोपी आहे. माझ्या हातात तर ती आणखी खुलणार. आज ‘ब’च्या फळ्यावर तेच गणित मांडलं, थेट एक बरोबर दोनपर्यंत आलो आणि ऐटीत मागे वळलो.
सगळे खाली मान घालून उतरवून घेत होते. काहींनी उत्तराला चौकट केली.
एकाला उभं केलं. विचारलं, तुला हे पटतं का रे?
तो गोंधळला. म्हणाला, “सर, गणितात पटायचं कुठे असतं?”
बस म्हणालो. मग मीही बसलो.