हॉर्स-चेस्टनटचा शिरा

शॉमबर्ग,
२८ सप्टेंबर २०२५

ती. वसुधामावशीस,
सिद्धेशचा शि. सा. न. वि. वि.

हिमानीच्या आईच्या हातातलं ताट मी उडवलं, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. शिरा नंदादीपावर पडला आणि नवरात्रातला दिवा विझला.

काकूंनी पार्कातल्या बिया चेस्टनट समजून वेचल्या आणि उपवासाला शिंगाड्याचा करतात तसा शिरा केला. मी सांगितलं, हे हॉर्स-चेस्टनट आहे, विषारी. एका देठावर सात पानं असतात. त्याच्याच कुळातल्या बकआय झाडाला बहुतेक पाच. त्यात ओहायोचा, पिवळा, लाल असे प्रकार, पण खायचा एकही नाही. खायच्या चेस्टनटला टोकाशी शेंडी असते. काकू हसल्या. म्हणाल्या, फॉरेस्ट्री अर्धवट सोडून आलेल्यानं आम्हाला झाडं शिकवू नयेत. अगं, सोडली कुणासाठी? त्यांच्याच मुलीसाठी ना! त्यांनी घास उचलला आणि माझा हात सुटला.

हिमानी बोलत नाही. माझा फोन मीच भिंतीवर फेकला, म्हणून हे पत्र. मी बरोबर होतो की नाही, तूच सांग. निदान तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
सिद्धेश

फ्रिस्को,
४ ऑक्टोबर

चि. सिद्धेशास,
अनेक आशीर्वाद.

ताटामागून फोन! आता फेकायला उरलंय काय रे? तुझे काका म्हणतात, याच्या लग्नात आहेर सगळा प्लॅस्टिकचा द्या.

झाडांचं तुला कळतं, मान्य. पण भरल्या घटापुढचा दिवा विझला तेव्हा त्या बाईला काय वाटलं असेल! जा, पाया पड. तिथं पानं मोजत बसू नकोस. आणि जेवत जा, वेड्या.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
मावशी

शॉमबर्ग,
१२ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

गेलो होतो. पाया पडलो. हिमानीच्या बाबांनी, राजीवकाकांनी, बिया कुणाला तरी दाखवल्या होत्या. हॉर्स-चेस्टनटच निघाल्या. काकूंनी चहा दिला, खाली बघत म्हणाल्या, वाचवलंस बाबा. मला वाटलं, जमलं!

मग हिमानी बोलली. ताट हातातून काढूनही घेता आलं असतं, म्हणाली. तू बरोबर असतोस ना, तेव्हाच तुझी भीती वाटते. अशा भीतीत संसार नको यार, म्हणाली.

मावशी, डोक्यात रक्त चढलं. तिच्यासाठी सोडलेलं कॉलेज, घर, सगळं तिच्या तोंडावर मारावंसं वाटलं. कप हातात होता. तो टेबलावर ठेवला, काकूंना येतो म्हटलं. बूट घातले, बाहेर आलो आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

तुझाच,
सिद्धेश