अक्कलदाढ

प्रिय ताई,

हे पत्र तुला पाठवायचं धाडस होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. तू दिलेल्या पैशांतून मी दाढ पाडलीच नाही. मी पोट पाडलं.

ह्यांचं काम सुटलेलं, दोन लेकरं पदरात. लाँड्रीत दिवसभर इस्त्री धरून उभी राहणारी मी, तिसरं कशावर पोसणार होते? पण खरं सांगितलं असतं तर तू दारातही उभं केलं नसतंस. तुझ्या समोरच्या वहिनींनी पाडलं, तेव्हापासून तू त्यांच्या हातचं पाणी पीत नाहीस. म्हणून मी अक्कलदाढेचं नाव घेतलं, आणि तू दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवलेस.

दवाखान्यातून घरी आले आणि तुझा फोन. "बोबडे, पाडलीस का एकदाची?"

'पाडलीस' ऐकून वाटलं, तुला सगळं कळलंच. मी "हो" म्हणाले.

"मग होती नव्हती ती अक्कलही गेली म्हणायची!" तू हसलीस, मीही हसले. मग तू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलंस. चार दिवस केल्या गं मी त्या.

आता रविवारी तू येणार. लहानपणीसारखी हनुवटी धरून "आ कर" म्हणणार. म्हणून आज दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आत आरसा घालून पाहिलं.

"दाढ तर ठणठणीत आहे. कशाला काढता?"

मी तोंड आणखी मोठं उघडलं आणि बोटानं तीच दाढ दाखवली.

तुझीच,
बोबडी